मंगनीच्या ताटातलं घड्याळ

गेल्या महिन्यात इचलकरंजीत एका मंगनीला गेलो होतो. मुलीचा बाप यंत्रमाग कामगार, बारा तासांची पाळी करणारा. ताटांत मिठाई, कपडे, अंगठी आणि मधोमध एक मखमली डबी. डबी उघडून सगळ्यांना दाखवण्यात आली. आत सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. मुलाकडच्या एका बुजुर्गांनी ते उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "असली है ना?" मुलीच्या बापाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं खिशातून बिल काढून दाखवलं. मग त्याच बुजुर्गांची नजर माझ्या मनगटाकडे वळली. "क्या मास्तर, अभी तक येच?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

माझ्या हातात होतं एचएमटी जनता. माझ्या घरी एका बिस्किटाच्या डब्यात अशी एकतीस घड्याळं आहेत. जनता, पायलट, कोहिनूर, दोन-तीन साधी कॅसिओ. सगळ्यांची मिळून किंमत त्या मखमली डबीतल्या एका घड्याळाइतकी भरणार नाही. नातेवाईक म्हणतात, इतकी फडतुसं जमवण्यापेक्षा एक चांगलं घे. आज त्यांना उत्तर द्यायचं आहे.

एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. पुढे तुमकुरू, श्रीनगर, राणीबाग इथेही कारखाने निघाले. जनता हे त्यातलं चावीचं, साधं घड्याळ. बॅटरी नाही, तारीख नाही. आत १७ ज्वेल, म्हणजे कृत्रिम माणिकाचे बारीक खडे. चाकांचे आस त्यांवर फिरतात, म्हणून झिजत नाहीत. आतलं तोलचक्र सेकंदाला पाच ठोके टाकतं, तासाला १८,०००. रोज सकाळी चावी दिली की झालं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस आणि श्रीनगरची एचएमटी चिनार वॉचेस या दोन्ही कंपन्या बंद करायला मंजुरी दिली. पण घड्याळं अजून चालतात, कारण ती उघडता येतात, पुसता येतात, दुरुस्त करता येतात.

माझे अब्बा कबनूरहून सायकलीनं कारखान्यात जात. ज्यानं यंत्रमागाचा आवाज ऐकलाय त्याला सांगायला नको, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नाही. तिथे अजान कुठली ऐकू येणार? अब्बांना जोहरची वेळ सांगायची ती मनगटावरची जनता. काचेवर सुताचे तंतू बसायचे, ते अंगठ्यानं पुसून वेळ बघायचे. त्या घड्याळानं त्यांना कधी मोठा माणूस केलं नाही. त्यांची नमाज मात्र चुकू दिली नाही. घड्याळाचं काम एवढंच असतं.

म्हणून मी स्वस्त घड्याळं जमवतो. मला ती परवडतात, उघडून बघायची भीती वाटत नाही, आणि वर्गात नेऊन पोरांच्या हातात देता येतात. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या. १९८९ पासून चालत आलेलं, प्लास्टिकचं, एका बॅटरीवर सुमारे सात वर्षं चालणारं. त्याच्या आत क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोननं पंधरा वेळा भागा, उत्तर येतं एक. तो एक म्हणजे एक सेकंद. मी हे फळ्यावर पोरांकडून करून घेतो. भागाकाराला कंटाळणारी पोरं शेवटच्या पायरीला ओरडतात. लाखाचं घड्याळ माझ्याकडे असतं तर मी ते वर्गात नेलं असतं का? कपाटात कुलूप लावून ठेवलं असतं.

आता आपल्या समाजाला थेट विचारतो. मेहर कुणी द्यायचा? नवऱ्यानं. मुलीच्या बापानं नवऱ्या मुलाला घड्याळ द्यावं, असं दीनमध्ये कुठे आहे? पुरुषाला सोनं वर्ज्य आहे हे मिंबरवरून ऐकायचं, मान डोलवायची, आणि मंगनीला सोनेरी घड्याळ असली आहे की नकली हे तपासायचं! हा हुंडाच आहे. डबी मखमलीची आहे म्हणून त्याचं नाव बदलत नाही. आणि ही मागणी पुरी होत नाही तेव्हा काय होतं, तेही बाजारात दिसतं. मोठ्या परदेशी कंपनीचं नाव छापलेली 'फर्स्ट कॉपी' ढिगानं विकली जाते. पाचशेचं घड्याळ पाच लाखांचं असल्याचं सोंग आणतं. माझं जनता कुणाचं सोंग आणत नाही. ते जनता आहे आणि तबकडीवर तसंच लिहिलंय.

दुसरा सवाल माझ्याच जातकुळीच्या लोकांना, म्हणजे संग्राहकांना. एचएमटी बंद पडल्यावर तुम्हाला तिचं प्रेम आलं. भाव वाढले. गरिबाचं घड्याळ 'व्हिंटेज' झालं. त्याच वेळी मुंबईच्या बाजारात जुन्या घड्याळाला नवी रंगीत तबकडी लावणाऱ्या कारागिराला मात्र तुम्ही शिवी शोधलीत. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि नाक मुरडून म्हणतात. रंगवलेलं घड्याळ मूळ स्थितीतलं आहे असं सांगून विकणं ही फसवणूकच, तिची बाजू मी घेणार नाही. पण तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत घड्याळ उभं करणं हा हुनर आहे. तो माणूस कुठल्या संस्थेत शिकला नाही, डोळ्याला भिंग लावून बापाशेजारी बसून शिकला. तो नसता तर तुमचं निम्मं 'व्हिंटेज' भंगारात गेलं असतं.

तिसरी गोष्ट जरा लांबची, पण आपल्याला चटका लावणारी. हेच कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आज शहरातली तरुण पोरं हौसेनं घालतात. २०११ मध्ये ग्वांतानामो तुरुंगाची अमेरिकी कागदपत्रं विकिलीक्सनं उघड केली. त्यांत कैद्याकडे हे घड्याळ सापडणं संशयाचं लक्षण मानलेलं होतं. बॉम्बच्या टायमरसाठी काहींनी ते वापरलं, हे खरं. पण स्वस्त, टिकाऊ आणि जगभर मिळणारं घड्याळ कोण घालत नाही? तिथल्या एका कैद्यानं सुनावणीत सांगितलं, की तुरुंगात नेमलेले मुस्लिम धर्मगुरूही हेच घड्याळ घालतात. घड्याळ एकच. एकाच्या हातावर फॅशन, दुसऱ्याच्या हातावर पुरावा.

मला हे आठवून राग येतो, आणि तो फक्त अमेरिकेवर येत नाही. मनगट बघून माणूस जोखायची तीच खोड त्या मंगनीत माझ्या शेजारी बसली होती. तिथे स्वस्त घड्याळावरून संशय, इथे स्वस्त घड्याळावरून हसू. दुसऱ्यानं आपल्याला असं जोखलं की आपण अन्याय म्हणतो. मग आपण आपल्यातल्या गरिबाला जोखतो त्याला काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, मास्तरांना पगार आहे, म्हणून गरिबीचं कौतुक सुचतं. माग चालवणाऱ्याच्या पोरानं भारी घड्याळाची हौस करू नये काय? बरोबर आहे, हा टोला मला लागतो. माझ्यासाठी जनता हा छंद आहे, अब्बांसाठी तो नाइलाज होता. हौस जरूर करावी, पण स्वतःच्या कमाईतून. दुसऱ्याच्या बारा तासांच्या पाळीतून केलेल्या हौसेला मी हौस म्हणत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कबनूर आणि इचलकरंजीतल्या जमातींनी मंगनीच्या ताटातून घड्याळाची डबी काढून टाकावी. जाहीर सांगावं, नुसतं कुजबुजू नये. तोवर ज्यांची मुलं लग्नाची आहेत त्यांनी डबी समोर आली की नम्रपणे परत करावी. मुलाला घड्याळ हवंच असेल तर घरातल्या पेटीत आजोबांचं एखादं बंद पडलेलं सापडेल. ते कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे न्यावं. त्याच्या हातालाही काम मिळेल. आणि त्या बुजुर्गांना माझा सलाम सांगा. हो चाचा, अभी तक येच.