संयमाची परीक्षा कोणाची?

गरीब घरातील मूल शिक्षणात मागे का पडते, या प्रश्नाला संशोधनाच्या नावाने दिले जाणारे एक सोयीचे उत्तर असे, की त्याच्या अंगी धीर नाही. या उत्तरामागे अमेरिकेतील एक गाजलेला प्रयोग उभा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीत १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे आवडीचा खाऊ ठेवला. मोठे माणूस परत येईपर्यंत हात न लावल्यास दुप्पट मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांनी अधिक वेळ कळ काढली त्यांना पुढे परीक्षेत अधिक गुण पडले, असे १९९० सालच्या पाठपुराव्यात दिसले. मुले बहुतांशी विद्यापीठाशी निगडित घरांतील, गुण उपलब्ध झाले ते शंभराहूनही कमी जणांचे. तरी तेवढ्यावर आत्मसंयमाचे एक शास्त्रच रचले गेले. (मूळ संशोधक सावधपणे लिहीत होते, भाष्यकारांना तो सावधपणा मानवला नाही.)

२०१८ साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांचा भर पदवीधर नसलेल्या मातांच्या मुलांवर होता. धीर आणि पंधराव्या वर्षीचे गुण यांचा संबंध पूर्वीच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक वाढ हिशेबात धरताच त्यातलाही सुमारे दोनतृतीयांश भाग गळून पडला.

याहून बोलका आहे तो रॉचेस्टर येथील सेलेस्ट किड यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. मुले अवघी २८. चित्र रंगवण्यासाठी चांगले साहित्य आणून देतो, असे सर्वांना सांगितले. निम्म्यांना ते दिले, उरलेल्यांपुढे माणूस रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर तीच खाऊची कसोटी घेतली. शब्द पाळलेला ज्यांनी पाहिला ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, ज्यांच्या पदरी निराशा आली ती ३ मिनिटे. प्रयोग लहान आहे खरा, पण त्याने विचारलेला प्रश्न लहान नाही. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही तेथे आजचा घास आजच खाणे हा दुर्गुण कसा? तो तर अनुभवाने शिकवलेला शहाणपणा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही प्रगतिपुस्तकात भावनिक वाढीची नोंद मागितली आहे. ती अवश्य व्हावी. मात्र ऊसतोडीसाठी आईबापांमागे दरवर्षी गाव सोडणाऱ्या मुलाच्या संयमाचा रकाना भरताना त्याच पानावर आणखी एक रकाना असावा : हंगामी वसतिगृह हंगामापूर्वी उघडले काय, पुस्तके वेळेवर मिळाली काय, आणि येतो म्हणालेले गुरुजी आले काय?