जबाब कोणीं द्यावयाचा?

गेल्या पावसाळ्यांतील एका शनिवारीं शाळा सुटतेवेळीं प्रयोगशाळेबाहेरील नळ वाहत होता. वरच्या वर्गांतील विद्यार्थी त्याच्या शेजारून गेले, दोघे शिक्षक गेले, आणि प्रस्तुत लेखकही छत्री सांवरीत त्याच वाटेनें गेला. पाण्याचा आवाज मीं स्पष्ट ऐकिला होता. शिपाई आहेच, तो बंद करील, असें मनाशीं म्हणून मी फाटकाबाहेर पडलों. सोमवारीं येऊन पाहतों तों मोरी तुंबून पाणी शेजारच्या खोलींत शिरलेलें, आणि तेथें जमिनीवर ठेविलेल्या भूगोलाच्या नकाशांचा व वार्षिकाच्या जुन्या अंकांचा भिजून लगदा झालेला! चौकशी झाली. शिपाई त्या दिवशीं दुपारींच रजा घेऊन गांवीं गेला होता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. नळ व कुलपें पाहण्याचें काम त्याचें, तेव्हां दोषही त्याचाच ठरला, व त्याच्या वेतनांतून दीड हजार रुपये कापण्याचा हुकूम झाला. तो नळ ज्यांनीं ज्यांनीं ऐकिला होता, त्यांपैकीं बहुतेक त्या चौकशीच्या वेळीं हजर होते, आणि सारे गप्प होते.

'जबाबदारी' हा शब्द आपण इतक्या सढळ हातानें वापरितों कीं, त्याच्या पोटांत 'जबाब' बसलेला आहे याचा आपणांस विसर पडतो. वर्गनायक नेमतांना, पालकसभेंत, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत या शब्दाचा उच्चार उदंड होतो. परंतु काम अंगावर घेणें निराळें, आणि तें बिघडलें असतां जाब विचारणाऱ्यापुढें उभें राहणें निराळें. पहिल्याची आपल्याकडे वाण नाहीं.

माझ्या त्या शनिवारच्या वर्तनाची चिकित्सा मला पुढें मानसशास्त्राच्या एका ग्रंथांत वाचावयास मिळाली. जॉन डार्ली व बिब लाताने या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा : न्यूयॉर्क येथील विद्यार्थ्यांस निरनिराळ्या खोल्यांत बसवून यंत्रद्वारें परस्परांशीं बोलावयास लाविलें. बोलतां बोलतां त्यांतील एकास फेफरें आल्याचा आवाज येऊं लागे. (तो अर्थातच आधीं मुद्रित करून ठेविलेला होता.) हा आवाज आपण एकट्यानेंच ऐकिला अशी ज्यांची समजूत होती, त्यांपैकीं शेंकडा ८५ जण आवाज थांबण्यापूर्वींच मदत आणावयास धांवले. आणखी चौघे ऐकत आहेत असें ज्यांस वाटत होतें, त्यांपैकीं धांवले शेंकडा ३१. जे उठले नाहींत तेही पाषाणहृदयी नव्हते. प्रयोग करणारा खोलींत आला तेव्हां कित्येकांचे हात कांपत होते, तळव्यांस घाम सुटला होता, आणि तो मनुष्य बरा आहे ना, म्हणून ते काकुळतीनें विचारीत होते. पांचांत वांटलेली जबाबदारी कोणाच्याच वांट्यास पुरी आली नव्हती, एवढेंच.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, चार माणसें जमलीं म्हणजे माणुसकी बुडालीच. तसें म्हणणें अन्यायाचें होईल. लँकेस्टर, ॲम्स्टरडॅम व केपटाउन या शहरांतील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनीं टिपलेले २१९ तंटे संशोधकांनीं तपासले व आपले निष्कर्ष २०१९ सालीं जाहीर केले. शेंकडा ९१ प्रसंगीं कोणी ना कोणी मध्यें पडलेला आढळला; इतकेंच नव्हे, तर बघे जितके अधिक तितका कोणीतरी पुढें येण्याचा संभवही अधिक होता. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? मला वाटतें, रस्त्यावर आपण दुसऱ्यास दिसतों. बंद खोलींत दिसत नाहीं. नळाजवळून जातांना मला कोणीं पाहिलें नव्हतें.

आतां व्यापाराकडे वळूं. आपल्या देशांत १८५७ च्या कायद्यानें कंपनीच्या भागीदारांचें देणें त्यांच्या भागांपुरतें मर्यादित ठेवण्याची सोय झाली. ही सोय वाईट नव्हे. तिच्यावांचून हजारोंच्या लहान लहान ठेवींतून मोठाले कारखाने उभे राहते ना. परंतु तिच्यामुळें मालक अनेक झाले, चालक निराळे झाले, कंपनीच्या पोटीं दुसरी कंपनी जन्मास आली, आणि नळाजवळून जाणारांची रांग फार लांबली. १९८४ च्या डिसेंबरांत २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्रीं भोपाळ येथें काय घडलें, तें सर्वांस ठाऊक आहे. विषारी वायूच्या टाकीस थंड ठेवणारें यंत्र कित्येक महिने बंद होतें. सुटलेला वायु जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठीं काढून ठेविली होती. हजारों माणसें मेलीं, लाखों जायबंदी झालीं. कारखाना आमचा नसून हिंदी कंपनीचा, असें अमेरिकन कंपनी म्हणत राहिली. त्या हिंदी कंपनीचे शेंकडा ५०.९ भाग तिचेच होते! १९८९ सालीं ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. २०१० सालीं सात हिंदी अधिकाऱ्यांस दोन दोन वर्षांची शिक्षा सांगण्यांत आली. अमेरिकन कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन हा २०१४ सालीं मरण पावला. येथील न्यायासनापुढें तो खटल्यास उभा राहिला नाहींच.

सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं, दिल्लींतील दुसऱ्या एका वायुगळतीच्या खटल्यांत, धोक्याचा उद्योग करणारास त्यापासून होणाऱ्या हानीबद्दल कोणतीही सबब चालणार नाहीं, असा दंडक घालून दिला. तो मला कोणत्याही दानधर्माहून मोठा वाटतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेंकडा २ समाजकार्यासाठीं राखून ठेवावयास लाविलें आहे; त्यांतून शाळा बांधल्या जातात, दवाखाने चालतात, आणि तें स्तुत्यच आहे. पण उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा जबाब कोण मागणार? दवाखान्याच्या कोनशिलेकडे बोट दाखवून सांडपाण्याचा प्रश्न टाळतां येतो, ही भीति मला खोटी वाटत नाहीं.

विचारणेंही केव्हां व्हावें, यास महत्त्व आहे. जेनिफर लर्नर व फिलिप टेटलॉक यांनीं १९९९ सालीं या विषयावरील पुष्कळशा प्रयोगांचा आढावा घेतला. निर्णयापूर्वींच ज्यास ठाऊक असतें कीं आपणांस कारणें सांगावीं लागतील, आणि ऐकणाराचें मत काय आहे हें ठाऊक नसतें, तो स्वतःच्या विचारांतील खोट स्वतःच शोधूं लागतो. उलट, करून चुकल्यावर ज्यास जाब विचारतात, तो बहुधा केलें तेंच बरोबर होतें हें सिद्ध करण्यांत आपली बुद्धि खर्च करितो. आमची सोमवारची चौकशी या दुसऱ्या जातीची होती. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही उद्यां पेढ्यांवर, कचेऱ्यांत, कारखान्यांत बसाल; तेथील बहुतेक चौकशाही याच जातीच्या असतील, आणि खालच्या पायरीवर कोणीतरी रजेवर गेलेला शिपाई असेलच.

हा लेख संपादकांच्या हातीं देण्यापूर्वीं मी कार्यालयांत जाऊन दीड हजार रुपये भरले व नळ मीं ऐकिला होता असें लिहून दिलें. कारकुनांनीं पैसे मोजून घेतले, परंतु पावती शिपायाच्या नांवें फाडली. दंड त्याच्या नांवें आहे, तो बदलावयाचा तर वरिष्ठांची सही पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. सही अद्याप झालेली नाहीं. मी दर शनिवारीं विचारावयास जातों.