सुट्टीत नमाजलाही सुट्टी?

माझी नणंद कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात राहते. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन व्हिसलरला स्कीइंगसाठी गेली होती. परत आल्यावर फोनवर म्हणाली, "भाभी, मुलं फार खूश होती. पण दोन्ही दिवस असर कजा झाली. धाकटा विचारतो, अम्मी, सुट्टीत नमाजलाही सुट्टी असते का?"

त्या प्रश्नावर आम्ही दोघी गप्प झालो. यंदाची सहल मात्र तिने आधीपासून नीट आखली. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती इथे सांगते.

व्हिसलर व्हँकुव्हरच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधील स्कीइंगच्या शर्यती इथेच झाल्या. हिवाळ्यात दिवस इतका लहान, की जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो. लिफ्ट तीनच्या सुमारास बंद होतात. मग खाली उतरणे, भाड्याचे सामान परत करायची रांग, थकलेली मुले. एवढ्यात मगरीब होते. असर चुकते ती इथे.

नणंदेचे घर कोकणी, शाफई. सफरीत कस्रबरोबर जोहर आणि असर एकत्र पढण्याची त्यांना सवलत आहे. मात्र येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा नसावा. म्हणून मुक्काम तीनच दिवसांचा ठेवला आणि दुपारच्या जेवणाआधी दोन्ही नमाजा उरकायचे ठरले. हनफी घरांनी असर आपल्या वेळीच पढायची असल्याने शेवटची एक फेरी सोडावी. वजू करून चामड्याचे मोजे घातले, तर मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री मसह करता येतो. स्कीचे जड बूट काढले की झाले, थंडीत पाय धुवायला नकोत.

दुसरी गोष्ट पैशाची. बर्फ अल्लाहची नेमत आहे, पण कर्ज काढून तिच्यावर घसरणे हा इसराफच. नाताळचा आठवडा टाळला, की खोली स्वस्त मिळते. लिफ्टचे तिकीट आयत्या वेळी घेतले तर सर्वांत महाग पडते, म्हणून ते आधीच घ्यावे. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने मिळतात. नवख्यांनी पहिल्या दिवशी शिकवणी लावून हिरव्या खुणेच्या सोप्या उतारांवरच राहावे. भारतातून आई-वडील येणार असतील, तर त्यांच्या विम्यात स्कीइंगची दुखापत धरली आहे का, ते वाचून घ्यावे. त्या रस्त्यावर ऑक्टोबर ते मार्च गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

खोली स्वयंपाकघराची घेतली. सरेत हलाल मटण-चिकन सहज मिळते. खिमा आणि बिर्याणीचा मसाला घरूनच नेला, त्यामुळे संध्याकाळी दारूच्या टेबलांमध्ये जागा शोधावी लागली नाही. पडद्याची काळजी तर बर्फानेच मिटवली: सैल जाकीट, सैल पँट, हेल्मेटखाली पातळ स्कार्फ.

आणि नमाजच्या वेळेची जबाबदारी दिली धाकट्याकडेच. परवा तोच फोनवर सांगत होता, "मामी, आम्ही वर डोंगरावर होतो आणि माझा अलार्म वाजला. अब्बांना अजून एक फेरी हवी होती. मी म्हटलं, आधी नमाज!"