ओटीपी नेमका कोणाच्या हातात?

आज कोणतेही ऑनलाइन खाते उघडायला गेलो की पहिली मागणी मोबाइल नंबरची होते. नंबर द्या, ओटीपी टाका, झाली तुमची ओळख पक्की. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, यातून नेमकी कोणाची ओळख पटते, हे कोणी विचारत नाही.

ओटीपीतून एवढेच कळते की, ते सिम ज्या फोनमध्ये आहे तो फोन कोणाच्या तरी हातात आहे. तो हात कोणाचा, हे कळत नाही. मी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करते. अनेकींचे सिम वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. घरात स्मार्टफोन एकच, तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. अर्ज मुलीचा आणि किल्ली भावाकडे! लग्न मोडलेल्या बाईचे हाल तर विचारू नका. तिचा ईमेल, बँक खाते, मुलांची कागदपत्रे सगळे नवऱ्याच्या नावावरच्या नंबरला जोडलेले असते.

शिवाय नंबर आपल्या मालकीचा नसतोच. रिचार्ज थांबला की काही काळाने तो बंद होतो आणि ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग आपल्या खात्यांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. हातावर पोट असलेल्या घरात रिचार्ज थांबणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

सुरक्षेच्या दृष्टीनेही ही पद्धत कच्ची आहे. दुसऱ्याच्या नंबरचे सिम स्वतःच्या ताब्यात घेणे, याला ‘सिम स्वॅप’ म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे खातेसुद्धा त्यांचा नंबर पळवून ताब्यात घेतले गेले. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येणार नाही, असा नियम आपल्याकडे ‘ट्राय’ने १ जुलै २०२४ पासून लागू केला, तो याच धोक्यामुळे.

प्रश्न खासगीपणाचाही आहे. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर ट्विटरने जाहिरातींसाठी वापरले, म्हणून मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीला १५ कोटी डॉलरचा दंड झाला. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती नंबरांसह उघड्यावर आली. ‘सुल्ली डील्स’ आणि ‘बुल्ली बाई’च्या नावाने मुस्लिम महिलांच्या फोटोंचा ‘लिलाव’ मांडणाऱ्यांना आपण पाहिले आहे. अशांच्या हाती नंबरही लागणार असेल, तर एखाद्या मुलीने आपले मत जाहीरपणे मांडायचे धाडस कसे करावे?

यावर उत्तर मिळते की, बनावट खाती आणि शिवीगाळ रोखायची तर नंबर हवाच. ही चिंता खोटी नाही. शिवीगाळीचा त्रास आपल्याच लेकीबाळींना होतो. पण फसवणूक करणारे दुसऱ्यांच्या नावावरची सिम वापरतात. जाळ्यात सापडतो तो खरा नंबर देणारा सामान्य माणूस. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही मोठ्या समाजमाध्यमांवरची खाते-पडताळणी ऐच्छिक ठेवली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सिमला आधार जोडण्याची सक्तीही रद्द झाली. कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट व्यवहारात सक्तीची होत असेल, तर नागरिकांनी बोलले पाहिजे.

माझे म्हणणे सरळ आहे. नंबर हा ओळख पटवण्याचा एक मार्ग असावा, एकमेव मार्ग नव्हे. ईमेल, ऑथेंटिकेटर ॲप, पासकी असे पर्याय प्रत्येक सेवेने द्यावेत. शिष्यवृत्ती आणि सरकारी योजनांसाठी फोन नसलेल्यांना खिडकीवर जाऊन काम करता यावे. पडताळणीसाठी घेतलेला नंबर दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

तोवर आपणही काही गोष्टी करू शकतो. घरातल्या प्रत्येक सज्ञान मुलीचे सिम तिच्याच नावावर घ्या. सिमला पिन लावा, व्हॉट्सॲपचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते ‘संचार साथी’वर तपासा. नंबर सोडण्याआधी खात्यांमधून काढा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर कळवा.

विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. मराठीतला ‘अनामत’ शब्द तिथूनच आला. आपला नंबर ही कंपनीकडे आणि सरकारकडे ठेवलेली अमानत आहे. ती नीट जपली जाते की नाही, हे विचारण्याचा हक्क ठेवणाऱ्याचा असतो. तो हक्क आपण बजावू या.