उद्यावर ढकललेला हप्ता

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना कालव्यातून होडीने फिरण्याचा योग आला. जिथे पाण्याची पातळी बदलते, तिथे 'लॉक' असते. म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे. होडी आपसूक वर चढते वा खाली उतरते. आमच्या वाटेवरचा एक दरवाजा बिघडला होता. मागे होड्यांची रांग लागली. आमची चार तासांची सहल बुडाली, इतकेच. पण शेजारच्या होडीतल्या आजोबांचे घरच होडीत होते आणि त्यांना दवाखाना गाठायचा होता.

ओक लाकडाचा असा दरवाजा साधारण २५ वर्षे टिकतो. म्हणजे तो कधी बदलावा लागणार, हे बसवतानाच ठाऊक असते. आम्ही बँकवाले याला घसारा म्हणतो. त्याची तरतूद टाळली, की बिल व्याजासकट येते.

डिव्हायझेसची केन हिलवरील २९ लॉकची रांग १८१० साली पूर्ण झाली. पुढे रेल्वे आली, उत्पन्न आटले, देखभाल खुंटली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला कालव्याची वाहतूक थांबली. स्वयंसेवक वर्षानुवर्षे खपले, तेव्हा कुठे १९९० साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

नव्या कामाचा समारंभ होतो. वेळेवर केलेल्या दुरुस्तीचा होत नाही. म्हणूनच तिचा पैसा आधी बाजूला काढायला हवा. परवान्याचे पैसे भरणाऱ्या होडीवाल्याला हार-तुरे नकोत, उघडणारा दरवाजा हवा.