माशांची टाकी, तिचा संप आणि सिलिकॉनची ट्यूब

आमच्या थोरल्या आपाच्या मुलाला माशांचा भारी नाद. बैठकीत तीन फुटी टाकी आहे आणि आता तिच्याखाली संप बसवायचाय. परवा फोनवर म्हणाला, "मामू, संप करतोय." मागून आपा ओरडली, "कॉलेजला दांडी मारून कसला संप?" तर हा संप हरताळाचा नव्हे. टाकीखाली ठेवायची ही दुसरी छोटी टाकी. वरचे पाणी पाइपने खाली येते, आडव्या-उभ्या काचांच्या कप्प्यांतून गाळून पंपाने परत वर जाते. तयार घ्यायला गेलो तर महाग पडते. काच कापून आणली तर घरी होते.

मला धास्ती वाटली ती त्याच्या पुढच्या वाक्याची. "सिलिकॉन आहे घरात, बाथरूमचे उरलेले."

दोन वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती. टाकीतली एक आडकाच निघाली, ती मोरीच्या बेसिनला लावलेल्या ट्यूबमधल्या उरलेल्या मालाने चिकटवली. चिकटली झकास. तिसऱ्या दिवशी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. अकरापैकी दोन वाचले. धाकटी लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाथरूम आणि किचनसाठीच्या बहुतेक सिलिकॉनमध्ये बुरशी धरू नये म्हणून औषध मिसळलेले असते. फरशीच्या सांध्यात ते गुणाचे, पण बंद पाण्यात हळूहळू उतरले की माशांना आणि पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना मारक. म्हणून ट्यूबवर 'अँटी फंगल', 'मिल्ड्यू रेझिस्टंट', 'सॅनिटरी' असे काही छापले असेल तर ती खाली ठेवा. 'शंभर टक्के सिलिकॉन' आणि 'अॅक्वेरियम' हे दोन्ही शब्द असलेली घ्या. दुकानदार "सगळे एकच असते" म्हणेल. एकच नसते.

वासावरून ओळखता येते असे काही जण सांगतात. काचेसाठीचे नेहमीचे सिलिकॉन सुकताना सिरक्यासारखा उग्र वास सोडते, कारण त्यातून अॅसिटिक अॅसिड बाहेर पडते. त्याने घाबरू नका. पुरते सुकले की वास जातो आणि धोकाही जातो. पण बाथरूमच्या ट्यूबलाही तोच वास येऊ शकतो. तेव्हा नाकावर नको, लेबलावर भरवसा ठेवा.

आता जोराचा हिशेब. 60 सें.मी. लांब काचेला 30 सें.मी. उंच पाणी टेकले की त्या एका काचेवर बाहेरच्या दिशेने सुमारे 27 किलोचा रेटा येतो, आणि तो रात्रंदिवस. बाहेरच्या चार भिंती आणि तळ यांचे काम म्हणूनच सिलिकॉनशिवाय दुसऱ्या कशाचे नाही. फेविक्विकच्या जातीचा डिंक समुद्री टाकीत पोवळे दगडाला चिकटवायला चालतो, पण काचेच्या सांध्यात तो कडक होऊन तडकतो. गरम करून लावायची ग्लू-गन ओल्या काचेवरून सालीसारखी सुटते. लाकडाचा पांढरा डिंक तर पाण्यात विरघळतोच. दोन भाग मळून लावायची एपॉक्सी पूर्ण सुकल्यावर पाइपाच्या फटीला ठीक, काचेच्या भिंतीला नको.

कोणी काचेऐवजी अॅक्रिलिकचा संप करणार असेल तर सगळे उलटे होते. अॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही. तिथे पातळ द्रावण सुईने सांध्यात सोडतात आणि दोन पत्रे वितळून एक होतात. आपल्याकडचे कारागीर यासाठी क्लोरोफॉर्म सर्रास वापरतात. त्याची वाफ यकृताला वाईट. ज्या घरात लहान मुले, गरोदर बाई आहे तिथे हा खटाटोप करूच नये, कारागिराकडून करून घ्यावा. पीव्हीसी पाइपाला मात्र पाइपाचेच सॉल्व्हंट सिमेंट लावा, 24 तास सुकू द्या आणि आतून साध्या पाण्याने धुऊन घ्या.

लावण्याची रीत भाच्याला फोनवरच सांगितली. काचेच्या कडा घासून घ्यायला काचवाल्याला आधीच सांग, नाहीतर बोटे कापतील. सांधे स्पिरिटने पुसून कोरडे कर, त्यानंतर तिथे बोट लावू नको, हाताचे तेलही पुरते. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, आधीचे ब्लेडने खरवडून टाक. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, त्याआधी बोट फिरवून रेघ गुळगुळीत कर. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून वरून सुकलेले दिसले तरी आत ओले असते. पूर्ण आठवडा थांब. पावसाळी हवा याला बाधत नाही, काच मात्र कोरडी हवी.

"आठवडा?" तो म्हणाला.

आठवडाच. मग संप जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरायचा आणि दोन दिवस बघायचा. कागद कुठे ओला झाला ते लगेच दिसते. ते पाणी ओतून टाकायचे, पुन्हा भरून पुन्हा ओतायचे, मगच जोडायचा.

आणखी एक, जे डिंकाचे नाही पण विसरले तर डिंक काही करू शकत नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत खाली उतरते. 90 बाय 40 सें.मी.च्या टाकीत पातळी 2 सें.मी. उतरली तरी सात लिटरपेक्षा जास्त पाणी खाली येते. तेवढी जागा संपात रिकामी सोडावी लागते. वीज दिवसातून दोनदा जाते तिथे ही चाचणी स्विच बंद करून स्वतःच घ्यावी. खालच्या मजल्यावरच्या खालाजानच्या छताला पाणी लागले तर काय होते, हे भाच्याला वेगळे सांगावे लागले नाही.

त्याने काल ट्यूबचा फोटो पाठवला. लेबल झूम करून दोनदा वाचले. बरोबर आहे.