वरणात डाळ किती?

गेल्या श्रावणात आमची आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. फरशी ओली नव्हती, चक्करही आली नव्हती. "पाय उचललाच नाही रे," एवढेच ती म्हणाली. सुदैवाने हाड मोडले नाही, मनगट मुरगळण्यावर भागले. डॉक्टरांनी दंड चाचपला, पोटरी दाबून पाहिली आणि सांगितले, "स्नायू झिजले आहेत. प्रथिने कमी पडताहेत. अंडी सुरू करा."

आईच्या गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे. मुक्ताईच्या दर्शनाला कोथळीला जाणारे आमचे घर. अंड्याचे नाव काढताच तिने मान हलवली. मग डॉक्टरांनी पुडीच्या डब्याचे नाव लिहून दिले. दुकानात त्या डब्याची किंमत ऐकली आणि मी जिथल्या तिथे उभा राहिलो. तेवढ्या पैशांत आमच्या पाच माणसांच्या घरात महिनाभराची डाळ आली असती.

आई काय जेवते, हे डॉक्टरांनी विचारले नाही, याचा मला घरी येईपर्यंत राग होता. घरी आल्यावर लक्षात आले, की तिच्या शेजारी पाट मांडून इतकी वर्षे जेवणाऱ्या मलाही ते ठाऊक नव्हते.

मी जामनेरच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर हातात वेळ होता. स्वयंपाकघरातला छोटा तराजू घेतला आणि तीन दिवस आईचे ताट मोजले. सकाळ-दुपारचा चहा, त्यातले दूध आणि चार बिस्किटे : साडेचार ग्रॅम प्रथिने. दुपारी ज्वारीची एक भाकरी, वांग्याची भाजी आणि वाटीभर वरण : साडेअकरा ग्रॅम. रात्री मऊ खिचडी, तीत तांदूळ जास्त आणि डाळ नावाला : सहा ग्रॅम. दिवसाची बेरीज 22. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. आईचे वजन 50 किलो. म्हणजे 41 ते 42 ग्रॅम हवीत, आणि उतारवयात त्याहून थोडी जास्तच, असे तज्ज्ञ सांगतात. आईला निम्म्याच्या थोडी वर मिळत होती. ही स्थिती अशा घरात, जिथे दोन वेळा चूल पेटते आणि कोणी उपाशी झोपत नाही!

खरा धक्का वरणाच्या वाटीने दिला. वाटी तशी भरलेली, पण तिच्यात डाळ होती बारा ग्रॅम. असे कसे? उत्तर सौभाग्यवतींनी दिले. आधी नातवंडांना वाढायचे, मग मला. तोवर पातेल्याच्या तळाची घट्ट डाळ संपलेली असते. उरलेल्यात तांब्याभर पाणी घालून एक उकळी आणायची, की सासूसुनेचे भागते. "आईंना पातळच आवडतं," असे ती म्हणाली. आईही म्हणाली, "मला पातळच लागतं." ही आवड नेमकी कधी लागली, हे दोघींपैकी कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या आठवड्यात मी सौभाग्यवतींचे ताट मोजले. तिथलाही हिशोब फारसा वेगळा निघाला नाही. आपल्या घरांत शेवटी जेवायला बसणारी व्यक्ती कोण असते, हे वाचकांना सांगायला नको.

शाकाहारात प्रथिने मिळतच नाहीत, असे हल्ली शहरांतून सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. शंभर ग्रॅम तूर, मूग, उडीद किंवा हरभऱ्याच्या डाळीत 20 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यात सुमारे 25, सोयाबीनमध्ये 36 ते 40. ज्वारी-बाजरी-गव्हात 10 ते 12, तांदळात 7 ते 8. म्हणजे कोठीत काही उणे नाही. उणे आहे ते ताटात.

आणि आमच्या खानदेशाने तर यावरचा उपाय कधीच शोधून ठेवला होता. आमच्या लहानपणी घरात कळण्याची भाकरी रोजची. पायलीभर ज्वारीला शेरभर सालासकट उडीद, त्यातच मीठ, असे दळून आणायचे. एका पायलीचे शेर चार. म्हणजे चारास एक हे प्रमाण. अहिराणी मुलखात तिलाच 'कयनानी भाकर' म्हणतात. आमच्याकडच्या तावडी बोलीचा हेल वेगळा, पण भाकरी तीच. वर शेंगदाण्याची चटणी किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चे तेल आणि कांदा. जोडीला कधी तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी, कधी पातोड्यांची भाजी, कधी डुबुकवड्या. नीट पाहिले तर या सगळ्या स्वयंपाकात डाळ केवळ भाकरीच्या सोबतीला येत नाही. ती पिठात आहे, वाफवलेल्या मुटक्यात आहे, रश्श्यात सोडलेल्या वडीत आहे. भाजी न मिळणाऱ्या उन्हाळ्यात बायांनी डाळीचीच भाजी केली.

यामागचे शास्त्र सोपे आहे. प्रथिने ही अमिनो आम्ल नावाच्या घटकांची साखळी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक फार थोडा असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. एकाचे उणे दुसऱ्याने झाकायचे, असा हा संसार. दोन्ही एकाच घासात पडायला हवे, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या फ्रान्सिस मूर लापे यांनी 1971 साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात तसा आग्रह धरला होता, पण 1981 च्या आवृत्तीत तो स्वतःच मागे घेतला. दिवसभरात दोन्ही पोटात गेले की पुरते. कळण्याच्या भाकरीचे वैशिष्ट्य इतकेच, की तिच्यात विसरायची सोयच नाही. शेवटी जेवणारीच्या वाट्यालाही भाकरीतला उडीद तेवढाच येतो. त्यात पाणी घालता येत नाही!

या विषयावर मराठी माणसांनी मूलभूत काम केले आहे, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी. 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. नाकारणारे होते साक्षात सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि तिथे दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून विज्ञानात ती पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. ज्या डाळीच्या वाटीत आपण पाणी घालतो, तिच्यासाठी एका मराठी मुलीने असा हट्ट धरला होता.

दुसरे नाव सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. 1960 च्या दशकात जगभर 'प्रथिनांच्या दुष्काळा'ची हाकाटी झाली. गरीब देशांना पुड्या, गोळ्या, खास पिठे पुरवावीत, असे बेत आखले जाऊ लागले. सुखात्म्यांनी आकडे तपासून सांगितले, की धान्य-डाळीचे आपले नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर बहुतेकांची प्रथिनांची गरज भागते. कमी पडतात ती मुख्यतः पोट अर्धे राहते म्हणून. कारण भुकेले शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते. आधी पोटभर जेवण द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेल्या माझ्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण सुखात्म्यांच्या वाक्यातली अट आपण विसरतो. 'आपले नेहमीचे जेवण' असेल तर! आज पोट भरते, पण कशाने? सकाळी चहा-बिस्किट, मधल्या वेळी पुड्यातले कुरकुरे, रात्री पांढरा भात. 2022-23 च्या राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीत ग्रामीण भारतातही खाण्यावरच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पेये आणि तयार पदार्थांचा निघाला. डाळींचा वाटा त्याच्या आसपासही नाही. आईच्या उपासाचेच पाहा. एकादशी, चतुर्थी आणि श्रावणातले सोमवार धरले तर महिन्याचे बरेच दिवस साबुदाणा. त्यात प्रथिने जवळजवळ शून्य. खिचडीतले दाण्याचे कूटच काय ती लाज राखते. उपासाला चालणाऱ्या राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला 13-14 ग्रॅम असतात, पण तो आमच्या घरात लाडवापुरता उरला होता.

मौज अशी, की हे सारे डाळीच्या जिल्ह्यात घडते आहे. जळगावात डाळमिलांची रांग आहे. तिथली डाळ देशभर आणि देशाबाहेर जाते. आमच्या शिवारात कापसाच्या जोडीला मूग-उडदाच्या ओळी असत. पोळ्याच्या सुमारास शेंगा तोडून घरच्यापुरते कडधान्य राखेत किंवा एरंडेल लावून ठेवले जाई. घरचे पीक बाजाराच्या भावाने मोजत नसत. आता उडीद विकत आणायचा, म्हणजे भाव विचारूनच. 2015 साली तुरीची डाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा पाणी घालण्याची सवय अनेक घरांत पक्की झाली असेल. डाळ पुढे उतरली, तरी पाणी उतरतेच असे नाही.

मुलांच्या ताटाचेही तेच. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 12 ग्रॅम आणि पुढच्या वर्गांना 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. 2023 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्याला केळे देण्याचे ठरवले. पुढे 2025 च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबवला. त्या वादात मी शिरत नाही. केळीच्या जिल्ह्यातला असल्यामुळे केळ्याचा मला अभिमान आहे. पण अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि केळ्यात जेमतेम एक-सव्वा, ही बरोबरी गणिताच्या मास्तराला पटत नाही. अंडे न खाणाऱ्या पोराच्या हातावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला, तर हिशोब जुळतो.

आमच्या घरी आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. कळण्याचे दळण पुन्हा सुरू केले. गिरणीवाला आधी कुरकुरला, कारण उडदाचा अंश पुढच्याच्या पिठात उतरतो. आता तो आमचे दळण शेवटी घेतो. वरण घट्ट झाले, माणशी तीस ग्रॅम डाळ मोजून. खिचडीत तांदळाइतकीच मुगाची डाळ. आईला दात नाहीत, म्हणून दुपारी बिस्किटांऐवजी फुटाण्याचे पीठ गूळ-पाण्यात कालवून. जेवताना दोन चमचे दाण्याची चटणी आणि वाटीभर दही, रात्री कपभर दूध. पुन्हा बेरीज केली : 47 ग्रॅम. अंडे नाही, डबा नाही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. बी-12 हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसते. शाकाहाऱ्याला ते दुधा-दह्यातूनच काय ते मिळते, आणि पुष्कळदा पुरत नाही. आईची तपासणी केली, कमी निघाले, गोळ्या चालू आहेत. त्यात माळेचा काही भंग होत नाही. आणि ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटात काही वाढवू नये. नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाहीत, हेही खरे. आई आता रोज सकाळी फाटकापर्यंत चार फेऱ्या मारते आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठते. तिच्या पायांत आलेले बळ भाकरीचे किती आणि फेऱ्यांचे किती, याची वाटणी मला करता येत नाही.

सगळ्यांत अवघड गेले ते पदार्थ बदलणे नव्हे, पंगत बदलणे. आता आमच्याकडे वरण आधी पाच वाट्यांत वाढले जाते, मग सगळे एकत्र बसतो. पहिल्या दिवशी आईने आपली वाटी नातवाकडे सरकवली. त्याने ती परत सरकवली. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी तिने भाकरी वरणात कुस्करली आणि म्हणाली, "उडीद घरचा नाही वाटतं. पण बरा आहे."

आज रविवार आहे. घरातले सगळे घरी असतील. दुपारी पाने मांडली, की पातेल्यात डाव घालण्यापूर्वी एवढेच पाहा : तळाची डाळ कोणाच्या वाटीत जाते, आणि वरचे पाणी कोणाच्या.